वेळ दिली, वेळ दिला

घाटकोपरच्या किंवा मुलुंडच्या कुठल्याही चालत्या दवाखान्याबाहेर, बाकांवर बसलेल्या माणसांत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. आत जाण्याआधीचं वाक्य असं : डॉक्टरांनी सव्वासहाची वेळ दिली आहे. बाहेर आल्यानंतरचं, बहुधा एखाद्या वयस्कर माणसाच्या तोंडचं, असं : डॉक्टरांनी वेळच दिला नाही. डॉक्टर तेच, नाम तेच, क्रियापदही तेच. बदलला तो शेवटचा एक स्वर. पण त्या स्वरात दवाखान्यातली सगळी संध्याकाळ मावते. जी वेळ दिली ती घड्याळाच्या तबकडीवरची एक जागा होती. जो वेळ दिला नाही तो त्या जागेवर पोचल्यानंतर मिळायला हवा असलेला अवधी होता : समोर बसून दुखणं सांगायचा, सांगताना अडखळायचा, ऐकून घेतलं जाण्याचा. आपण डॉक्टरांची वेळ घेतो आणि डॉक्टरांचा वेळही घेतो. पहिलीसाठी आधी फोन करावा लागतो, दुसऱ्यासाठी मागाहून संकोचून दिलगिरी व्यक्त केली जाते. निघायची वेळ होते आणि निघून बराच वेळ होतो. वेळ गेली म्हणजे संधी हुकली, वेळ गेला म्हणजे तेवढं आयुष्य सरलं. वेळ पाळली जाते, चुकते, येते, मारून नेली जाते. वेळ लागतो, पुरतो, उरतो, वाया जातो. एकाच शब्दाचे हे दोन संसार मराठी माणूस रोज चालवतो, आणि त्यातला पुल्लिंगी, अवधी सांगणारा वेळ दिवसेंदिवस दुर्लक्षित होतो आहे असं मला वाटतं. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या उपनगरांत हे जितकं स्पष्ट दिसतं तितकं इतरत्र क्वचितच दिसेल.

हा फरक कोणी बसवून शिकवत नाही. घरात मराठी ऐकत वाढलेलं लहान मूलसुद्धा किती वेळ लागेल या प्रश्नाला 'थोडा' असं उत्तर देतं, 'थोडी' म्हणत नाही. प्रश्नात 'किती' असेल तर वेळ पुल्लिंगी आणि 'कोणती' असेल तर स्त्रीलिंगी, इतका साधा हा नियम आहे. प्रत्यय लागले की तो आणखी उघडा पडतो. थोड्या वेळाने, एवढ्या वेळात, तासाभराच्या वेळात. पण वेळेवर, वेळेत, ठरल्या वेळी. एवढ्या वेळात काम होईल म्हणताना आपण लांबी मोजतो, वेळेत होईल म्हणताना हद्द सांगतो. हद्द हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. संस्कृतातली वेला म्हणजे सीमा, समुद्राचा काठ, भरती आणि शिवाय काळाचा नेमका प्रसंग. स्त्रीलिंगी वेळेत ती काठाची, मर्यादेची जाणीव अजून शिल्लक आहे. यावर कोणी म्हणेल की हा निव्वळ योगायोग आहे. गळ्यात पडतो तो हार आणि पदरी पडते ती हार, यांतही लिंगच बदलतं, मग त्यातून काय तत्त्वज्ञान काढायचं? पण ते दोन हार एकमेकांचे कोणी लागत नाहीत, नुसते आवाजाने जुळले आहेत. वेळेचं तसं नाही. इथे वस्तू एकच आहे, फक्त एकदा तिची जागा विचारली आहे आणि एकदा तिचा पसारा. सुरा आणि सुरी, पळा आणि पळी, दोर आणि दोरी अशा जोड्यांतून मराठी कानाला पुल्लिंगात ऐसपैसपणा ऐकायची सवय आहेच. व्युत्पत्ती म्हणून मी हे सांगत नाही, पण 'तो वेळ' म्हणताना काहीतरी पसरलेलं मनात येतं याचं नवल वाटायला नको. आणि सकाळची वेळ, कातरवेळ यांनाही लांबी असते की, असा आक्षेप कोणी घेतला तर तो खरा आहे. पण कातरवेळ किती असते असं आपण विचारत नाही. ती दिवसात कुठे बसते हे आपल्याला ठाऊक असतं आणि तेवढंच त्या शब्दाला सांगायचं असतं.

अवधी सांगणारे शब्द टिकवणं भाषेला सोपं जात नाही. मुहूर्त हा मुळात चक्क अवधी होता : दिवसरात्रीचा तिसावा भाग, म्हणजे आपल्या हिशेबाने ४८ मिनिटं. दोन घटकांचा एक मुहूर्त, आणि घटका २४ मिनिटांची. तळाला बारीक छिद्र असलेलं तांब्याचं भांडं पाण्यावर ठेवायचं, ते हळूहळू भरून बुडालं की एक घटका झाली. तेव्हा घटका भरली हे मोजमापाचं साधं वाक्य होतं. आज ते कुणाच्या तरी शेवटाबद्दल बोललं जातं. मुहूर्तही आता लग्नपत्रिकेवर १२ वाजून ३४ मिनिटांनी असा छापला जातो आणि अक्षता पडल्या की संपतो. ज्यात आरामात अंतरपाट धरता आला असता असा पाऊण तासाचा ऐवज आकसून एक ठिपका झाला. उलट दिशेचा प्रवासही घडतो. तास म्हणजे आधी टोला मारायची धातूची थाळी. थाळीवरचा ठोका हा क्षणाचा, पण दोन ठोक्यांमधला सगळा पसारा त्या शब्दाने पुढे आपल्या पोटात घेतला. दोन प्रहर झाले म्हणजे दुपार झाली, आणि दुपार आता कोणी प्रहरांत मोजत नाही. शब्द असे जागेकडून लांबीकडे आणि लांबीकडून जागेकडे सरकत राहतात. वेळ मात्र सरकला नाही. त्याने दोन्ही अर्थ धरून ठेवले आणि त्यांच्यात लिंगाची एक बारीक भिंत उभी केली. ही भिंत कोण्या एका व्याकरणकाराची नाही, बोलणाऱ्यांनी ती बांधली आहे.

आता रेल्वे. वेळापत्रक या शब्दाकडेच पाहावं : त्यातल्या वेळा स्त्रीलिंगी आहेत, अनेकवचनी आहेत, सुट्या सुट्या आहेत. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुरू झाली तेव्हा ती बोरिवलीला आणि अंधेरीला थांबत असे. सकाळी पावणेसातला विरार सोडायचं आणि संध्याकाळी साडेपाचला परत निघायचं. पावणेसात, साडेपाच. पाव-अर्ध्या-पाऊणच्या जुन्या मराठी हिशेबात सहज बसणाऱ्या या वेळा होत्या. आज त्याच मार्गावर गाडी आठ तेवीसची असते, आठ सव्वीसची असते, आणि ती वेळ हेच तिचं नाव असतं. माणसं आपल्या सोबत्यांची ओळखसुद्धा आमच्या आठ तेवीसचे म्हणून करून देतात. मिनिटाइतकी बारीक झालेली ही स्त्रीलिंगी वेळ उपनगराने मनापासून स्वीकारली. पण त्याच माणसाला कचेरीत पोचायला किती वेळ लागतो असं विचारलं तर तो सत्तेचाळीस मिनिटं असं कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, पाऊण तास. किंवा सव्वा तास, दीड तास धरून चाल. जी भाषा गाडीच्या वेळेतून हद्दपार झाली ती प्रवासाच्या वेळात अजून सुखरूप आहे. हा आळस किंवा अंदाजपंचे बोलणं आहे असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. 'धरून चाल' या दोन शब्दांत अनुभवाचा हिशेब आहे. रिक्षाची रांग, पुलावरची कोंडी, दोन स्थानकांच्या मध्ये विनाकारण उभी राहिलेली गाडी, उतरल्यावरचं चालणं, हे सारं त्या पाऊण तासात आधीच जमा केलेलं असतं. वेळापत्रक निघण्याची वेळ सांगतं आणि पोचण्याची वेळ सांगतं. त्या दोहोंची वजाबाकी केली की जे उरतं तो वेळ नसतो. बोरीबंदरहून ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजी गेलेल्या पहिल्या गाडीने ३४ किलोमीटरला ५७ मिनिटं घेतली. आज धीम्या लोकललाही जवळपास तेवढीच लागतात. मधल्या पावणेदोनशे वर्षांत निघण्याच्या वेळा एकीच्या शेकडो झाल्या, आणि थांबत थांबत जाणाऱ्या मुलुंडकराचा वेळ मात्र फारसा हलला नाही.

घड्याळातली वेळ कोणाची यावर मुंबईने एकेकाळी मोठी लढाई केली, तीही इथे आठवायला हवी. ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास अशी भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे होती. गिरण्यांतल्या कामगारांनी त्याच महिन्यात विरोध केला, सभा झाल्या, आणि महापालिकेने आपली मुंबई वेळ पुढे कित्येक दशकं सोडली नाही. रेल्वेची घड्याळं एक सांगायची आणि पालिकेची दुसरं. अंधेरी आणि घाटकोपर १९५० मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली. बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये आत आली तोवर तो वाद मिटला होता. या वादात एक गोष्ट ठळक आहे. काटे ३९ मिनिटं पुढे गेले तरी अंधेरीहून चर्चगेटला जायला लागणारा वेळ तसूभरही बदलणार नव्हता. लढाई सगळी वेळेची होती, वेळाची नव्हती. पण म्हणून तिला मी क्षुल्लक म्हणणार नाही. सूर्य न बदलता भोंगा लवकर वाजू लागला की झोपेतून उठायची घडी खरोखरच अंधारात जाते, आणि भोंगा कधी वाजेल हे ठरवण्याचा हक्क ज्याच्या हातात त्याच्या हातात माणसाची पहाट असते. कामगारांना हे कळत होतं. शिवाय दुसरी, लांबीची लढाईही ते लढतच होते. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये गिरण्यांना आठवड्याची सुटी मिळाली. कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुष कामगाराचा दिवस १९११ मध्ये बारा तासांचा केला, १९२२ मध्ये अकराचा, १९३४ मध्ये दहाचा, आणि १९४६ मध्ये कारखाना कायद्यातल्या दुरुस्तीने नऊचा. एक एक तास असा सोडवून घेतला गेला. तो वेळ होता, पुल्लिंगी, मोजलेला, आणि कायद्यात लिहिलेला.

वेसाव्याच्या कोळीवाड्यात मात्र हे सगळं गणित उलटं चालतं. भरतीची वेळ रोज सरकते, जवळपास पाऊण तासाने, किंचित जास्तच. आज दुपारी दोनला भरलेली खाडी उद्या तीनच्या सुमाराला भरेल. कोकण किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट करावी, येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. पंचांगातला चंद्र आणि खाडीतलं पाणी यांची सांगड घालणारं इतकं सुटसुटीत गणित दुसरं मला माहीत नाही. पण या सरकणाऱ्या वेळेच्या पोटात न सरकणारा एक वेळ आहे. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा अधिक, आणि पुन्हा ओहोटीपासून भरतीपर्यंत तेवढाच. उधाणाची भरती असो की भांगाची, पाणी कमीजास्त चढेल, वेळ मात्र साधारण तोच घेईल. नाव बाहेर काढायची आणि आत आणायची ती या लांबीच्या भरवशावर. म्हणजे समुद्राकडे वेळ अस्थिर आहे आणि वेळ स्थिर आहे, आणि हे वाक्य मराठीत लिंग सांगितल्याशिवाय निरर्थक ठरतं : ती अस्थिर आहे, तो स्थिर आहे. तिथून अंधेरी स्थानक फार लांब नाही. तिथे ती मिनिटाला पक्की आहे आणि तो कसाही लांबतो. एकाच पश्चिम उपनगरात काळाशी बोलायच्या या दोन पद्धती शेजारी शेजारी राहतात. समुद्राची पद्धत मागासलेली आणि रेल्वेची प्रगत असं मानायचं काही कारण नाही. ज्याच्यावर जगणं अवलंबून आहे ती गोष्ट कोणती हे दोन्हीकडे वेगळं आहे, इतकंच.

मोठा आक्षेप बोलीतून येतो. आज उपनगरात वेळ हा शब्दच किती जण वापरतात? टाइम नाही, टाइम लागेल, टाइम झाला, गाडीचा टाइम काय. टाइम दोन्हीकडे पुल्लिंगी, म्हणजे भिंत गेलीच. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत गुजराती, तमिळ, हिंदी, कोकणी घरांच्या शेजारी मराठी घर असतं. जिने चढता-उतरता जी सामायिक बोली तयार होते तिच्यात लिंगाची नाजूक बंधनं आधी गळतात. शेजाऱ्याशी जमवून घेणाऱ्या बोलीला मी दोष देणार नाही. शिवाय टाइम आता मराठीच आहे, परका राहिलेला नाही. पण त्याच बोलीने पुढे काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. दवाखान्याचं टायमिंग काय, बँकेचं टायमिंग बदललं, गाडीचं टायमिंग चुकलं, असं आपण सर्रास बोलतो. म्हणजे जागेसाठी टायमिंग आणि लांबीसाठी टाइम. मराठी माणसाने उसन्या शब्दांतही तोच जुना फरक पुन्हा रचला, फक्त लिंगाऐवजी शब्दच दोन घेतले. व्याकरणाचा आग्रह धरणाऱ्या कुणी हे सांगितलं नव्हतं. गरज होती, म्हणून झालं. मला हा फार भक्कम पुरावा वाटतो. निव्वळ सवयीचा फरक असता तर तो वेळ या शब्दाबरोबर विरून गेला असता. तरीही एक नुकसान आहेच. टायमिंग हा शब्द आस्थापनांचा आहे. दुकान, बँक, गाडी, शाळा यांना टायमिंग असतं. माणसावर आलेल्या वेळेला टायमिंग म्हणता येत नाही. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, या म्हणीत दुसरा कुठलाही शब्द घालून पाहावा, ती कोसळते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या भाषांत हा लिंगभेद नाही त्यांतली माणसं काय भेटीची घटिका आणि भेटीची लांबी यांत गोंधळतात? अर्थातच नाही. माणसाचं डोकं व्याकरणाच्या कोंडवाड्यात राहत नाही. माझं म्हणणं त्याहून लहान आहे. मराठी बोलणाऱ्याला वाक्य पूर्ण करताना दर वेळी निवड करावी लागते, गेला की गेली, दिला की दिली. आणि जी निवड रोज करावी लागते तिच्याकडे लक्ष जायला निमित्त मिळतं. लक्ष गेलंच पाहिजे असं नाही. पण निमित्त हाताशी असणं ही थोडी गोष्ट नव्हे. मेट्रोचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली : ११.४ किलोमीटर, बारा स्थानकं, सुमारे २१ मिनिटं. मेट्रोला नाव नाही. आठ तेवीसची मेट्रो असं कोणी म्हणत नाही, कारण चारेक मिनिटांत दुसरी येते. तिच्याबद्दल एकच प्रश्न विचारला जातो, किती वेळ लागतो. घाटकोपरला खाली लोकलच्या फलाटावर माणूस वेळ बघत उभा असतो आणि वर उन्नत स्थानकात तोच माणूस वेळ मोजू लागतो. मधे फक्त एक जिना आहे. पूर्व-पश्चिम उपनगरांना जोडणारा हा प्रवास रस्त्याने किती खाई हे ज्यांनी भोगलं त्यांना मेट्रोने गाडी दिली यापेक्षा वेळ दिला हे वाक्य अधिक खरं वाटेल. सार्वजनिक व्यवस्थेबद्दल 'वेळ दिला' असं म्हणता येण्याचे प्रसंग फार थोडे. बाकीच्या सगळ्या व्यवस्था आपल्याला वेळा देतात : अर्ज भरायची, रांगेत लागायची, पाणी यायची, शाळा भरायची. देताना त्या आपल्याकडून वेळ घेतात, आणि त्याची पावती कुठेच मिळत नाही.

माझ्या सगळ्या म्हणण्याचा रोख या पावतीकडे आहे. कारखाना कायद्याने नऊ तास मोजले, पण ते दरवाजाच्या आतले. दरवाजापर्यंत पोचण्याचा वेळ कुणाच्याच खात्यात नाही. गिरणगावातला कामगार भोंगा ऐकून चालत कामावर जात होता. उपनगरातल्या कारकुनाचे दोन-अडीच तास गाडीत जातात आणि त्याचा कामाचा दिवस कागदावर तेवढाच राहतो. उशिराची नोंद होते, कारण उशीर ही वेळेची चूक आहे. लेट मार्क साठले की रजा कापली जाते. लवकर निघण्यासाठी घातलेल्या वेळाची नोंद करणारा रकाना हजेरीपटात नाही. घरात तर मोजणाराच नाही. स्वयंपाकाची वेळ सगळ्यांना ठाऊक असते, स्वयंपाकाला लागणारा वेळ करणारीलाच. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर पहिल्यांदा हा पुल्लिंगी प्रश्न घरोघर विचारला : दिवसाचा वेळ कशात जातो? घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांनी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घातली होती, पुरुषांनी ९७. पाच तासांना एक मिनिट कमी. पाच तास म्हणजे कचेरीतला अर्ध्याहून अधिक दिवस झाला. मराठीत आमंत्रण देताना आपण वेळात वेळ काढून या असं म्हणतो. किती अचूक रचना आहे ती : वेळ बाहेरून मिळत नाही, जो आहे त्यातूनच तो कोरून काढायचा आहे. चर्चगेट-बोरिवली अशी पहिली महिला विशेष लोकल ५ मे १९९२ रोजी धावली. तिच्यात आणि इतर गाड्यांच्या महिला डब्यांत भाजी निवडली जाते, लसूण सोलला जातो, अभ्यास तपासला जातो, हळदीकुंकू होतं. हे दृश्य कौतुकाने सांगायची आपल्याला सवय आहे. मला त्यात कौतुकाबरोबर एक हिशेब दिसतो : घरातले पाच तास घरात मावत नाहीत म्हणून ते गाडीत आले आहेत. गाडीतल्या भजनी मंडळांचंही तसंच, जरा सुखाच्या अंगाने. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेली वेळ, ही सगळी शिस्त पाळायची ती कशासाठी, तर त्या बदल्यात आपल्या मालकीचा पाऊण तास मिळावा म्हणून. ती काटेकोर सांभाळली की तो मोकळा मिळतो.

यातून कोणी असं समजू नये की वेळ पाळणं वाईट आणि वेळ जगणं चांगलं. ठरल्या वेळी माणूस आला नाही तर दुसऱ्याचा वेळ वाया जातो. स्त्रीलिंगी वेळ पाळणं हा पुल्लिंगी वेळाचा आदर करण्याचा बहुधा एकमेव मार्ग आहे. तक्रार आहे ती एकांगी हिशेबाची. स्थानकावरचे दर्शक, कचेरीतले हजेरीपट, रुग्णालयातली नंबरांची चिठ्ठी, मुलांच्या शिकवण्यांचे तक्ते, सगळीकडे 'कधी' लिहिलेलं असतं. 'किती' सांगायची जबाबदारी माणसाने आपल्या अंदाजावर, धरून चालण्यावर, ओढून घ्यायची. आणि जिथे कोणाला तरी आपल्याला काही विकायचं असतं तिथे मात्र 'किती' अगदी मोठ्या अक्षरांत छापलं जातं. बोरिवली आणि मुलुंडमध्ये जुन्या इमारती पाडून उभ्या राहणाऱ्या मनोऱ्यांच्या जाहिरातींत एक ओळ कायम असते : स्टेशनपासून पाच मिनिटं. मेट्रोपासून दोन मिनिटं, शाळा दहा मिनिटांवर. घराचं चटई क्षेत्र किती हे सांगणं २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने बांधकाम करणाऱ्यावर बंधनकारक केलं आणि महाराष्ट्रात २०१७ पासून त्यावर महारेराची देखरेख आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंतची जागा आता इंचाइंचाने मोजून मिळते. त्या पाच मिनिटांना मात्र फूटपट्टी नाही. ती कोणाची पाच मिनिटं, कोणत्या ऋतूतली, पुलावरून की रूळ ओलांडून, रात्री अकराची रिकाम्या रस्त्यावरची की सकाळी पावणेनऊची, हे कुठेही लिहिलेलं नसतं, आणि घर घेणारा तिथे पुढची तीस वर्षं दिवसातून दोनदा चालणार असतो.

तेव्हा उपनगरात घर बघायला निघालेल्या प्रत्येकाला एक विनंती आहे. नमुन्याचा फ्लॅट संध्याकाळी निवांत बघून झाला की पावसाळ्यातल्या एखाद्या कामाच्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी, पुन्हा तिथे जा. फाटकापासून फलाटापर्यंत चाला. घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला बरोबर घ्या, त्याच्या चालीने चाला, आणि किती वेळ लागला तो करारावर सही करण्याआधी मिनिटांत लिहून ठेवा.